बोटातली तार

माझ्या बोटातून रक्त येत नाही, पाकाची तार येते. साखर तपासायला माझी सून शालन रोज सकाळी सुई टोचते, तेव्हा ती दिसते. मी चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ केला, पाक मला कळतो. तार चिमटीत ओढून म्हणालो, "एकतारी हाय. अजून वेळ हाय."

"मामा, साखर वाढलीया," शालन यंत्राकडं बघत म्हणाली. "गूळ खाल्लासा नव्हं?"

तार तुटली नाही. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिच्यावरून मुंग्या माझ्यातून बाहेर पडल्या. पहिल्या मुंगीच्या तोंडात मागचं दार होतं, तिळाएवढं, कडीसकट.

वळून पाहिलं तर तिथं भिंत. शालन धुणं घेऊन त्या भिंतीतून परसात गेली आणि रिकामी बादली घेऊन परत आली.

दोन दिवसांनी स्वयंपाकघर गेलं. चहा भिंतीतून येऊ लागला.

अक्षरं मी साठीनंतर शिकलो. तेव्हाचा खडू जपून ठेवला होता. जे उरलं होतं त्याच्या खाली जमिनीवर नावं लिहिली. घागर. कंदील. घागर गेली, फरशीवर 'घागर' राहिलं.

बायको खाटेवर माझ्या शेजारी बसायची. तिच्यापुढं खाटेच्या फळीवर मी 'हौसा' लिहिलं.

"मी काय घागर हाय व्हय, नाव लिवायला?"

"मुंग्या न्हेतील तुला."

"न्हेऊ द्यात. पन्नास वर्सांत तुमी कुठं न्हेलं न्हाई."

मला हसू आलं नाही. पाक पातळ असतो तोवरच वाहतो. एकदा ढेप पडली की आतलं आत राहतं, मुंगीसुद्धा जागेवर चिकटते. त्या दुपारी उशीखालचा गूळ काढला आणि सगळा खाल्ला. हौसा बघत होती.

"शालनला सांगू का?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच खातोय."

तिनं हिरव्या लुगड्याच्या पदरानं माझं तोंड पुसलं.

सकाळी सुई टोचली. तार करंगळीएवढी जाड आली. आता तिच्यावर चार मुंग्या शेजारी शेजारी मावत होत्या. चौघींनी मिळून हिरव्या लुगड्यातलं काहीतरी खांद्यावर घेतलं होतं. मी मूठ मिटायला गेलो. हात ढेपेसारखा घट्ट झाला होता, मिटला नाही. त्या सावकाश उंबऱ्याकडं गेल्या.

शालन भिंतीतून दोन कप घेऊन आली. एक माझ्या उघड्या तळव्यावर ठेवला. दुसरा शेजारच्या मोकळ्या जागेपुढं धरून म्हणाली, "आत्या, घ्या. गार हुईल."

तिनं हात काढला. कप तिथंच अधांतरी राहिला.

खाली फळीवर खडूनं काहीतरी लिहिलं होतं. एकेक अक्षर लावून वाचलं. हौसा. ही कसली वस्तू, ते काही केल्या ध्यानात येईना.

शेजारच्या कपातला चहा कमी होत होता.