वरखर्च

कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या संध्याकाळी त्याने बायकोला समोर बसवून सगळा हिशेब सांगितला. फी किती, शिष्यवृत्ती किती, छापखान्यातून निघताना हातात किती येणार, आणि तिच्या पगारात घर कसं चालणार. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या तोंडात उजेड पाडायची. पण स्वतःची दाढ काढल्याला दोन वर्षं होऊन गेली होती आणि तिथे नवी बसवायची राहिलीच होती. ती एकाच बाजूने जेवायची. दिव्याखाली अंधार, म्हणून स्वतःच हसायची.

सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "आणि वरखर्च?"

"वरखर्च कसला? कागद-पेन्सिल."

इथे तो घसरला. कारण महिन्यापूर्वी तो कॉलेज बघायला गेला होता, तेव्हा शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने त्याला बजावून सांगितलं होतं, "काका, फी काय, सगळ्यांनाच दिसते. मॉडेलं, छपाई, सॉफ्टवेअर, अभ्याससहली, शेवटचं प्रदर्शन, ह्यात माणूस बुडतो. फीच्या निम्मे तरी बाजूला ठेवूनच या." त्याने मान डोलावली होती, आभारही मानले होते. आणि बायकोसमोर ते निम्मे तो सरळ गिळून बसला. ती 'नको' म्हणेल ह्याची भीती नव्हती. ती 'बरं' म्हणेल आणि दाढेचे पैसे काढून देईल, ही होती. आपण तिच्यासाठीच गप्प बसलो अशी त्याने मनाची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून डिझाइनची पदव्युत्तर पदवी घ्यायला निघालेल्या माणसाला आपलं वेड थोडं स्वस्त करून दाखवायचं होतं.

छापखान्यात त्याने चौदा वर्षं लेबलांची आणि खोक्यांची मांडणी केली होती. जॅमच्या बाटलीपासून उंदराच्या औषधापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. औषधाच्या खोक्यावरची अक्षरं म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत, ती मोठी करा, असं तो मालकाला सांगायचा आणि मालक म्हणायचा, "गिऱ्हाईक मागतंय का? मग?" त्या 'मग?'ला उत्तर शोधायला तो कॉलेजात गेला होता. हेतूत खोट नव्हती.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग वरखर्च दार ठोठावायला लागला. आज मॉडेलसाठी फोमबोर्ड, उद्या गटाची वर्गणी, परवा सहल. वर्गातली पोरं त्याला 'काका' म्हणत आणि वर्गणी गोळा करताना त्याच्याकडे सर्वांत शेवटी येत. त्या मानाचीच त्याला लाज वाटे. घरचा किराणा वाचावा म्हणून त्याने डबाही हळूहळू बंद केला. 'कॉलेजात स्वस्तात जेवण मिळतं' असं बायकोला सांगून तो दुपारी वाचनालयात पाणी पिऊन बसू लागला. एकदा सगळे गेल्यावर कचऱ्याच्या पेटीतून फोमबोर्डाचे तुकडे वेचताना झाडणाऱ्या बाईने त्याला पाहिलं. तिने पेटी त्याच्याकडे सरकवली. त्या दिवशी तो घरी चालत गेला. बसमध्ये कुणाच्या शेजारी बसवेना.

शेवटच्या प्रकल्पासाठी त्याने इस्पितळातल्या पाट्या घेतल्या होत्या. रक्त कुठे द्यायचं, एक्स-रे कुठे काढायचा, हे चष्मा विसरून आलेल्या आजीलाही लांबून कळलं पाहिजे, असे बारा फलक. काम सुरेख उतरलं होतं. बाईंनी, म्हणजे त्याच्या प्राध्यापिकेने, ते पडद्यावर बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "हे असं पडद्यावर बघून काय कळणार? प्रदर्शनात खऱ्या मापाचे लावा."

खऱ्या मापाचा एक फलक दारापेक्षा उंच होता. त्याने बाहेर दर काढला आणि त्याची पाचावर धारण बसली.

मग त्याला पैलवान आठवला. पैलवान म्हणजे छापखान्यातला, मोठे फलक छापणाऱ्या मशीनचा माणूस. काडीपैलवान, फुंकर मारली तर उडेल असा. दोघांनी चौदा वर्षं एकाच टेबलावर डबा खाल्ला होता. पैलवानाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, रडतोस काय लेका? मालक दुपारी जेवायला घरी जातो. रोलच्या शेवटी नेहमी छपाईचं कापड उरतं. त्यात काढून देतो तुला."

"उरलेल्यातच हं."

"उरलेल्यातच रे बाबा."

पण बारा फलक उरलेल्यात कुठे मावायला? चौथ्या फलकाला पैलवानाने नवा रोल चढवला. ह्याने पाहिलं. बोलला नाही. मशीन सरसर चालत होतं, रंगाचा ओळखीचा वास येत होता, आणि आपली अक्षरं इतकी मोठी होऊन बाहेर येताना बघून त्याचं भानच हरपलं. सहावा फलक निम्मा बाहेर आला आणि मालक दारात उभा राहिला. चष्मा विसरला होता, म्हणून परत आला होता.

मालकाने रोलकडे पाहिलं, फलकांकडे पाहिलं. "हे कुणाचं काम?"

पैलवानाने मशीन बंद केलं. "चाचणी घेत होतो, मालक. मशीन पट्टे मारतंय सकाळपासून."

"नव्या रोलवर चाचणी? अर्धा रोल?" मग मालकाची नजर त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही कसे इकडे?"

बस, एवढंच विचारलं होतं. 'हे काम माझं आहे,' एवढे चार शब्द पुरले असते. ते जिभेवर आलेही. पण तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच.

"सहज. भेटायला आलो होतो."

पैलवानाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खाली बसून फलक गुंडाळायला लागला. 'बरं, निघतो मग,' असं म्हणून हा बाहेर पडला, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण जवळजवळ पळत आलो आहोत.

पैलवानाला फोन करायचं तो रोज ठरवायचा आणि रोज टाळायचा. प्रकरण तेवढ्यावरच मिटलं असेल, मालक कुरकुरून गप्प बसला असेल, असं धरून चालला होता. पुढच्या आठवड्यात बायको कामावरून आली ती चपला न काढता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पैलवानभावजींची बायको आली होती दवाखान्यात. मुलीच्या दातांना तार बसवायची होती ना, ती पुढे ढकला म्हणाली. भावजींना मशीनवरून काढून खोकी बांधायला बसवलंय. रोलचे पैसे पगारातून कापतायत. म्हणाली, ह्यांनी असं का केलं काही कळत नाही हो. चौदा वर्षांत एक कागद वाया घालवला नाही. मी तिला काय सांगू? तुम्हाला माहीत आहे का, असं का केलं?"

त्याला वाटलं, जमीन दुभंगावी. मग त्याने सगळं सांगितलं. फलक, रोल, 'सहज'. आणि एकदा बांध फुटल्यावर तेही सांगितलं: ती मुलगी, ते निम्मे, दुपारचं पाणी.

बायकोने चपला काढून दाराशी ठेवल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दात कोरून पोट भरतं का कधी?" ती म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी एक वर्ष थांबा म्हटलं असतं. दोघांनी मिळून साठवले असते. तुम्हाला वाटलं मी दाढेचे पैसे काढून देईन. नसते दिले. मला दोन्ही बाजूंनी जेवायचंय. पण तुम्ही मला विचारलंच नाही, आणि त्या बिचाऱ्याच्या पोरीच्या तोंडातलं काढलंत."

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात गेला. पैसे बायकोने दिले नव्हते. वडिलांचं घड्याळ विकून त्याने स्वतः आणले होते. मालकासमोर उभं राहून त्याने एका दमात सांगून टाकलं, की फलक आपले, रोल आपल्यासाठी चढवला, आणि त्या दिवशी आपण खोटं बोललो. नोटा टेबलावर ठेवल्या.

मालकाने त्या मोजून खणात टाकल्या. मग पैलवानाला हाक मारली.

"हे म्हणतात, काम ह्यांचं होतं. तू तर चाचणी म्हणालास."

पैलवान हातातली सुतळी तशीच धरून उभा राहिला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे माल वाया घालवला ते परवडलं," मालक म्हणाला. "तू तोंडावर खोटं बोललास. पगार कापणार नाही आता. पण मशीनवर मला खरं बोलणारा माणूस पाहिजे. जा."

बाहेरच्या बोळात त्याने पैलवानाला गाठलं. "माझं चुकलं. मला वाटलं, सांगितलं की तू सुटशील."

"त्या दिवशी सांगितलं असतंस तर सुटलो असतो," पैलवान म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "तोपर्यंत मी नुसता बावळट होतो. आज खोटारडा झालो. तुझं मन हलकं झालं ना? झालं तर मग. जा आता, मला खोकी बांधायची आहेत."

तो तिथून थेट कॉलेजात गेला. आता लाजायला काही शिल्लक उरलं नव्हतं. बाईंच्या खोलीत जाऊन त्याने सांगितलं, की बारा फलक खऱ्या मापात छापणं आपल्याला परवडत नाही.

बाईंनी चष्मा वर केला. "मग दोन छापा. बाकीचे लहान लावा. आधी का नाही सांगितलंत? अर्ध्या वर्गाला परवडत नाही. त्यासाठी विभागाकडे थोडी मदतही असते, पण ती मागावी लागते, आणि मुदत गेल्या महिन्यात संपली."

तो जिन्यात बसला. दोन. एकदा तोंड उघडलं असतं, तर पैलवानाच्या मशीनपर्यंत जायची वेळच आली नसती. आपल्याला गरिबीची लाज वाटत होती, आणि ती लपवण्यापायी आपण खरोखर लाज वाटावी असं करून बसलो, हे त्याला त्या जिन्यात बसून नीट कळलं. कळून उपयोग काय, ते मात्र कळलं नाही.

प्रदर्शन झालं. दोन मोठे फलक, दहा लहान. लोक थांबून बघत होते. बायको दवाखान्यातून अर्धा दिवस सुटी काढून आली, सगळे फलक लांबून वाचून पाहिले आणि म्हणाली, "चांगलं केलंय. वाचता येतं." गुण बरे पडले, पहिला आला नाही. पुढे एका इस्पितळाने पाट्यांचं काम दिलं. लहानच, पण आपलं. त्या पहिल्या पैशातून त्याने पैलवानाच्या मुलीच्या तारेसाठी पाकीट पाठवलं. ते न उघडता परत आलं. बायकोची दाढ त्याच महिन्यात बसली, तिच्या स्वतःच्या पैशांनी.

वर्षाने मालकाने पैलवानाला परत मशीनवर घेतलं. नव्या माणसाने बरेच रोल फुकट घालवले होते म्हणे. ते कळल्यावर इस्पितळाच्या पाट्यांची छपाई त्याने त्याच छापखान्याला दिली, पूर्ण दराने, रीतसर पावती करून. काम बघायला गेला तेव्हा पैलवान मशीनपाशी होता. थोडा भरल्यासारखा वाटला. त्याने हात पुसले, पुढे येऊन स्टूल सरकवलं.

"या, बसा," पैलवान म्हणाला. "रंग बघून घ्या एकदा. तुमच्या पसंतीशिवाय पुढचं चालू करत नाही."

तो बसला. रंग बरोबर होता. 'तू' म्हण रे, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं. पण ते मागायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"छान आलाय," तो म्हणाला. "चालू करा."