ती, ती, ती

सालवडच्या हिराने कुत्री परत न्यायचा निरोप पाठवला, तेव्हा रत्नाबाई सुके बोंबील टोपलीत रचत होती. निरोप्याने सांगितलं, मुशीने आणखी एक कोंबडी मारली, हिराचा नवरा दांडकं घेऊन बसलाय, आजच्या आज या. रत्नाबाईने हातातला बोंबील टोपलीत आपटला. बोंबलाचा काही दोष नव्हता, पण आपटायला दुसरं काही जवळ नव्हतं.

किनाऱ्यावर मोठं सरकारी काम निघालं आणि त्यात खारवाडी उठली. माणसांना आत, सडकेच्या कडेला, एका रांगेत घरं मिळाली. जाताना लोकांनी दारं नेली, चौकटी नेल्या, कौलं उतरवून नेली, तुळससुद्धा मातीसकट उचलली. कुत्री कोणी नेली नाहीत. याला दुष्टपणा म्हणावा तर तसंही नव्हतं. खारवाडीत कुत्रा घराचा नसायचा, वलांडीचा असायचा. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून बोंबील वाळत टांगायचे, ती वलांडी. तिच्याखाली बसायचं, कावळे-घारी हाकलायच्या आणि खाली पडेल ते खायचं, हा कुत्र्याचा धंदा. त्याला माझा कोणी म्हणत नसे. मग वलांड्या मोडल्या तेव्हा कुत्री कोणाची, हे कोणी कोणाला विचारलंच नाही. ह्याला वाटलं तो नेईल, त्याला वाटलं हा नेईल.

कुत्री राहिली तिथेच. भोवती तारेचं कुंपण पडलं, आत यंत्रं आली, तरी ती वलांडीच्या जागेवर येऊन बसायची. रखवालदारांना त्यांचा त्रास होऊ लागला. मग कोणीतरी पिठाच्या गोळ्यांत विष घालून टाकायला सुरुवात केली. म्हावरं विकायला त्या बाजूला गेलेल्या बायांनी हे येऊन सांगितलं, हळहळल्या आणि आपापल्या घरी गेल्या. रत्नाबाई मात्र कुंपणाशी गेली. तारेतून बोंबील आत धरून एकेकाला नावाने हाका मारत बसली. जी आली ती आली. एक बोईसर स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडे लागला, एक वाणगावला मिरचीच्या वाडीत राखणीला गेला. काही तारेपर्यंत येऊन परत फिरली. त्यांचं पुढे काय झालं ते तिने विचारलं नाही.

मुशी सगळ्यांत शेवटी मिळाली. समुद्रातल्या मुशी माशासारखीच तिची पाठ राखाडी आणि पोट पांढरं, म्हणून ते नाव. त्या राखाडी पाठीवर कोणीतरी उकळतं पाणी ओतलं होतं. तिला चालवेना. रत्नाबाईने तिला म्हावऱ्याच्या टोपलीत घातलं, वर लुगड्याचा पदर पसरला आणि डोक्यावरून घरी आणलं. दारात तिचा दीर आत्माराम बसला होता.

"वैनी, आज काय गावलं?" त्याने विचारलं.

"मुशी."

त्याने हौसेने पदर उचलला. टोपलीतून कुत्रीने त्याच्याकडे बघितलं. पुढे आठवडाभर त्या रांगेत आत्मारामला सगळे विचारत होते, मुशीचं कालवण कसं झालं.

घर आत्मारामच्या नावावर होतं आणि रत्नाबाई विधवा. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच, इकडे कुत्रं भुंकलं की तिकडे पाळण्यातलं पोर उठायचं. आत्मारामने सांगून टाकलं, जखम भरेस्तोवर ठेव, मग तिची सोय बघ. तो वाईट माणूस नव्हता, पण शब्दाचा पक्का होता. रत्नाबाईने करंजाचं तेल आणि हळद लावून जखम भरून आणली. पाठीवर केस मात्र आले नाहीत, तळहाताएवढा गुलाबी डाग राहिला. खरी अडचण वेगळीच होती. दोरी सुटली की मुशी सरळ कुंपणाकडे पळायची. तिथे विषाचे गोळे अजून पडत होते. तिला लवकर चांगलं घर मिळालं नाही, तर एक दिवस ती तिथेच तोंड वासून पडलेली सापडणार, हे रत्नाबाईला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तर तिने सालवडला हिराकडे दिली होती. हिरा घाटावरची, नवरा कामावर क्रेन चालवणारा, घर मोकळ्या जागेत, भोवती कुंपण. याहून चांगलं ते काय मिळणार?

आणि आता हा निरोप.

ती गेली तेव्हा मुशी शेवग्याला बांधलेली होती आणि एक तांबडी कोंबडी खुशाल तिच्या शेपटीवर उभी राहून माती उकरत होती. मुशी झोपली होती. रत्नाबाईने कमरेवर हात ठेवले. ही कोंबड्या मारते? हिरावर ती चांगलीच तापली. पाळायची नसेल तर तोंडाने सांगायचं, मुक्या जिवावर आळ कशाला घ्यायचा?

हिराही ऐकणारी नव्हती. "मावशी, तुम्हाला खोटं वाटतंय ना? दिवसभर अशीच असते, अगदी गाय. मी दाणे टाकायला आले की हिच्या अंगात येतं. बघाच आता."

तिने सुपात कण्या घेतल्या, दारात उभी राहिली आणि कोंबड्यांना हाक मारली, "ती, ती, ती, ती."

मुशी उठली नाही, उडालीच. दोरी ताणली, शेवगा हलला, कोंबड्या चहूकडे पसरल्या. मुशी हवेत तोंड करून भुंकत होती आणि मधून मधून रत्नाबाईकडे वळून बघत होती, काम बरोबर चाललंय ना, असं.

रत्नाबाई ओट्यावर टेकली. आता तिला उलगडा झाला.

खारवाडीत कोंबडी नव्हतीच. बोंबील वाळतात तिथे कोंबडी ठेवायची नाही, ही पहिल्यापासूनची रीत, कारण कोंबडी कावळ्यापेक्षा जास्त नासाडी करते. आणि वलांडीवर घार घिरट्या घालू लागली की बाया आभाळाकडे हात करून कुत्र्याला दाखवायच्या, ती बघ, ती, ती, ती. एवढं ऐकलं की कुत्र्याने धावायचं. पिल्लू असताना मुशीला हे रत्नाबाईनेच शिकवलं होतं. नीट धावली की बोंबलाचा शेपटीकडचा तुकडा द्यायची. आता हिरा रोज सकाळी दारात येऊन तीच हाक घालत होती आणि समोर पंखवाली पाखरं पळत येत होती. मुशी काय करणार? तिने आपलं काम केलं.

हे तिने हिराला समजावलं. हाक बदल, बाकी काही करू नको, म्हणाली. हिराने ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, माझी सासू ती ती म्हणायची, तिची सासू ती ती म्हणायची, साऱ्या मुलखात कोंबड्या ती ती म्हटल्यावर येतात. आता एका कुत्रीसाठी मी कोंबड्यांना काय हाक मारू, अहो म्हणू?

रत्नाबाईने दोरी सोडली आणि मुशीला घेऊन निघाली. सडकभर ती कुत्रीला शिव्या देत होती. मग हिराला दिल्या, मग कुंपणवाल्यांना, आणि घर जवळ आल्यावर ज्याने कोंबडीला आणि घारीला दोघींना बाईमाणूस केलं त्याला.

दुसरं घर मिळेपर्यंतच, असं बजावून आत्मारामने मुशीला पुन्हा दारात बांधू दिलं. मनोरच्या बाजारात रत्नाबाई सुकी मासळी घेऊन बसायची. तिथे डोंगराकडचा बुधा तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. रानमांजर कोंबड्या नेतं म्हणून त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. त्याने एकच विचारलं, "बाय, कोंबडीला तोंड लावणार नाय ना?"

"नाय लावणार," रत्नाबाई म्हणाली. "थोडं थांब. पाठीची जखम पुरती सुकू दे, मग आणते."

जखम कधीच सुकली होती. येताना तिने बाजारातून एक कोंबडी घेतली. टोपलीतून कोंबडीचं डोकं बाहेर आलेलं बघून आत्माराम उठून उभाच राहिला. वाडी उठली तेव्हा ही बाई आपल्यासमोर रडली नव्हती, पण आता हिचं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं. खारवाडीची रत्नाबाई कोंबडी घेऊन येते म्हणजे काय?

"वैनी, आता अंडी विकायला बसणार काय?"

"तुझ्या डोक्यावर फोडायला आणलीय," ती म्हणाली.

मग रोज सकाळी तिचं ते सुरू झालं. अंगणात फतकल मारून बसायचं, मुशीला दोन गुडघ्यांत धरायचं, एका हाताने तिचं तोंड दाबायचं, दुसऱ्या हाताने कण्या टाकायच्या आणि ती ती म्हणायचं. मुशीच्या अंगाला कापरं भरायचं. ती धडपडायची, रत्नाबाईचे हात ओरबाडले जायचे. निवांत राहिली की बोंबलाचा तुकडा. धावली की काही नाही. मुशीला काही कळेना. हीच बाई, हाच शब्द, हाच तुकडा, पण धावलं की मिळायचा तो आता बसलं की मिळतो. ती रत्नाबाईच्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघणं रत्नाबाईला सोसवायचं नाही, आणि मग ती आणखीच चिडायची. ओहोटीला होडी ढकलावी तसं ते काम. आज बोटभर पुढे सरकावं, उद्या पुन्हा चिखलात. रांगेतल्या बाया हंडे घेऊन जाता-येता थांबायच्या. कुणी विचारायचं, शाळा कधी सुटणार? मधेच एकदा मुशी दोरी तोडून पळाली. रत्नाबाई कुंपणापर्यंत अनवाणी धावली. मुशी तारेच्या आत जुन्या जागी बसलेली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पिठाचा एक गोळा पडलेला होता. रत्नाबाईने तारेवर हात आपटला. मुशी आली. रत्नाबाईने तिला आधी एक फटका मारला आणि मग तिथेच वाळूत तिला धरून बसली.

त्यानंतर ती हट्टालाच पेटली. आणि होळीच्या सुमाराला एका सकाळी तिने हात काढून घेतला, ती ती म्हटलं, कोंबडी मुशीच्या पुढच्या पायांमधून कण्या टिपत गेली, आणि मुशी जागची हलली नाही. फक्त डोळे मिटून घेतले. आत्माराम दारातून बघत होता. तो म्हणाला, "जिंकलीस, वैनी." रत्नाबाईला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

बुधाचं घर मनोरच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याला. रत्नाबाई मुशीला घेऊन एसटीने गेली, कंडक्टरशी भांडली, मुशीला पायाखाली घेऊन बसली. बुधाच्या अंगणाला सारवण होतं, भोवती कुडाचं कुंपण, एक कोंबडी आणि तिची पिल्लं. बुधाची बायको जिवली आधी लांबूनच बघत होती. पाठीवरचा डाग बघून तिने विचारलं, हे कोणी केलं? रत्नाबाईने सांगितलं. जिवली आत गेली आणि तांदळाची पेज घेऊन आली. मुशीने पेज हुंगली आणि प्यायली. रत्नाबाईला पहिल्यांदा वाटलं, इथे जमेल.

जिवलीने कण्या आणल्या, ती ती केलं. पिल्लं मुशीच्या तोंडासमोरून धावली. मुशीने डोळे मिटून घेतले. बुधा खूश झाला. चहा ठेवायला सांगितला.

तेवढ्यात अंगणावरून सावली फिरली.

रत्नाबाईने वर बघितलं. घार होती, खाली खाली येत होती. तिचा हात आपोआप उठला, तोंडातून आपोआप शब्द गेले, "मुशी, ती बघ, ती, ती, ती!"

मुशीने वर बघितलं. घारीकडे बघितलं, मग रत्नाबाईकडे बघितलं. तिची पाठ थरथरली. आणि मग शिकवल्याप्रमाणे ती हळूच खाली बसली आणि डोळे मिटून तुकड्याची वाट बघू लागली.

घार एक पिल्लू घेऊन गेली.

जिवली ओरडली नाही. तिने उरलेली पिल्लं डालग्याखाली घातली आणि मग म्हणाली, "बाय, ही तर बिनकामाची हाय. घारीलापण भुंकत नाय. नुसतं खायाला घालून काय करू?"

रत्नाबाईचं डोकं भणाणलं. "धावली तवा मार खाल्ला," ती म्हणाली, "आता बसली तरी बिनकामाचीच? मीच शिकवलं, मीच मोडलं. तिला नको बोलू. मला बोल."

बुधा कुडाच्या काठीवरची माती नखाने खरवडत राहिला. मुशी अजून डोळे मिटून बसली होती. तिला तुकडा मिळाला नव्हता.

शेवटी जिवलीच म्हणाली, "मग परत शिकव. ती नको म्हणू. दुसरं काय म्हण, आमी बी तेच म्हणू. पण आमाला नाय येत, तूच रहा आणि शिकव. पेज हाय, भात हाय."

सालवडला हे कोणी म्हटलं नव्हतं. रत्नाबाई तिच्याकडे बघत राहिली. खाली सडकेवर बोईसरला परतणाऱ्या एसटीचा भोंगा वाजला. तिने तिकडे मान वळवली नाही. कनवटीचे बोंबलाचे तुकडे काढून मांडीवर ठेवले, एक मुशीला दिला आणि अंगणात फतकल मारली.

"घारीला तो म्हणू," ती म्हणाली. "आता कोंबड्याला तो म्हणू नको म्हंजे झालं."

बुधा हसला. जिवलीने विचारलं, पण सुरुवात कशी करायची? घार आल्याशिवाय दाखवणार काय?

ते खरं होतं. जन्मभर रत्नाबाईने घारीला शिव्या घातल्या, दगड भिरकावले. त्या दुपारी ती मुशीच्या मानेवर हात ठेवून, मान वर करून आभाळाकडे बघत बसली. ऊन उतरलं, मानेला रग लागली, जिवली दोनदा येऊन बघून गेली. आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं. घार काही येईना.