लुक्काचं पत्र

रेमी कास्तानेदला कामगारांनी कोंडलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ज्या खोलीत कोंडलं, ती एके काळी त्याचीच केबिन होती.

दक्षिण फ्रान्समधल्या आरिएजच्या खोऱ्यातली ही कागद गिरणी त्याने नऊ वर्षं चालवली होती. पोस्टमनचा मुलगा, शिकून इंजिनिअर झाला, मॅनेजर झाला, मग कंपनीच्या पॅरिसच्या मुख्य कचेरीत मोठ्या खुर्चीवर जाऊन बसला. तिथून पक्षवाल्यांनी त्याला उचललं. धंदा कळणारा माणूस हवा, म्हणाले. तो निवडून आला आणि दीड वर्षापूर्वी उद्योग खात्याचा राज्यमंत्री झाला. आपलाच माणूस पॅरिसात बसलाय, आता गिरणीला काय धाड भरणार, असं गावाला वाटलं होतं.

आणि आता मालकांनी गिरणी बंद करायची नोटीस लावली होती, अन् समजूत घालायला सरकारने पाठवलं होतं ते रेमीलाच. पंतप्रधानांच्या कचेरीने लिहून दिलेला कागद त्याने कामगारांच्या प्रतिनिधींना वाचून दाखवला. नवं प्रशिक्षण मिळेल, पेन्शन लवकर मिळेल, सरकार पाठीशी आहे. प्रतिनिधी शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग एकेक करून उठले, बाहेर गेले आणि दाराला कुलूप घातलं. त्याच्या अंगरक्षकांना खाली कँटीनमध्ये कॉफी देऊन बसवून ठेवलं होतं. भोवती दीडशे माणसं.

रेमीने पॅरिसला फोन लावला. पंतप्रधानांच्या कचेरीचा कारभार ब्लांदीन नावाची बाई बघायची.

“बसून राहा,” ती म्हणाली. “पोलीस पाठवले तर टीव्हीवर लाठ्या दिसतील. तोंडावर निवडणुका आहेत. आणि सही मात्र कशावरच करू नका. आज तुम्ही केलीत की उद्या तीस कारखाने तेच मागतील.”

“मग मी करू काय?”

“काहीच करू नका. आजचं तुमचं काम तेच आहे.”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली अंगणात माणसं त्याच्याकडे बघत होती. निम्म्यांची नावं त्याला येत होती. कोणी हात केला नाही. तो मागे सरकला, खुर्चीत बसला, परत उठला. इथले म्हणत होते, वचन दिल्याशिवाय सोडत नाही. तिकडचे म्हणत होते, वचन देऊ नका. मधे तो.

दुपारी कुलूप निघालं आणि ओदिल फूर्निये आत आली. तीस वर्षं मोठ्या मशीनवर काढलेली बाई, कामगारांची पुढारी. हातात पांढऱ्या घेवड्याचं अन् बदकाचं कालवण, वर पावाचा तुकडा.

“खा. नाहीतर उद्या म्हणशील उपाशी ठेवलं.”

“ओदिल, बारा वर्षांपूर्वीही तूच कोंडलं होतंस.”

“तेव्हा संध्याकाळी तू सही केलीस आणि पगार वाढला. नुसता मॅनेजर होतास, पण तुझ्या सहीला किंमत होती.” ती समोर बसली. “एक सांग. ही गिरणी घ्यायला खरंच कोणी नाही?”

“शोध चालू आहे.”

ओदिलने त्याच्याकडे नीट पाहिलं. “ही भाषा कुठे शिकलास रे? तुझा बाप या गावात पत्रं वाटायचा. वाईट बातमी असली तरी हातात द्यायचा, पिशवीत दडवून नाही ठेवायचा.”

रेमीने चमचा खाली ठेवला. तीन आठवड्यांपूर्वीची बैठक त्याच्या डोळ्यांसमोर आली. इटलीतल्या लुक्का गावच्या एका खोके बनवणाऱ्याचं पत्र आलं होतं. सरकारने कर्जाला हमी दिली तर गिरणी घ्यायला तो तयार होता. एकाला दिली की सगळे मागतील, असं म्हणून फाईल बाजूला सारली गेली. रेमी मान खाली घालून बसला होता. पुढच्या बैठकीत विषय काढू, असं त्याने ठरवलं होतं. पुढच्या बैठकीत विषय दुसराच होता.

हे सगळं त्याने तिला सांगितलं.

“तीन आठवडे?” ओदिल म्हणाली.

“हो.”

“त्या तीन आठवड्यांत माझ्या मशीनवरच्या मार्सेलिनने, नोकरी जाणार म्हणून, घर विकलं.” शिव्या घातल्या असत्या तर रेमीला बरं वाटलं असतं. त्याने कागद ओढला, इटलीवाल्याचं नाव आणि फोन लिहिला, खाली सही केली. तिने कागद घडी करून घेतला आणि दार सताड उघडलं.

गाडीत बसल्या बसल्या त्याने राजीनामा लिहिला. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पॅरिसला पोचून तो ब्लांदीनसमोर ठेवला, तर तिने तो वाचलाही नाही.

“बातम्या नाही ऐकल्यात? पंतप्रधान म्हणाले, आमचा मंत्री दिवसभर कामगारांत बसला, त्याने मार्ग काढला, आणि इटलीवाल्याला आम्ही हमी देतोय. तुम्ही हिरो आहात.”

“मी जातोय.”

“खुशाल जा. त्या हमीला संसदेची मंजुरी लागेल. मे महिना उजाडेल. तोवर ती फाईल ढकलणार कोण? मी?”

रेमीने राजीनाम्याचा कागद उचलून खिशात घातला.

मेमध्ये हमी मंजूर झाली. लुक्कावाल्याने दोनशे चाळीसपैकी एकशेदहा जण ठेवले. गावात काही जण रेमीला नमस्कार करतात, काही रस्ता ओलांडून पलीकडून जातात. ओदिलची नोकरी राहिली; तिने फोन कधी केला नाही.

तेव्हापासून जिथे कारखाना बंद पडायचा असेल तिथे रेमीलाच पाठवतात. जूनमध्ये तो लोरेनमधल्या एका ओतशाळेत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, गेला. लिहून दिलेला कागद वाचून झाल्यावर एक म्हातारा कामगार उठला.

“आमच्यासाठीही असेल ना एखादं पत्र, मंत्रीसाहेब?”

“नाही,” रेमी म्हणाला. या वेळी खरंच नव्हतं.

“तिकडेही तुम्ही आधी पत्राचं काही बोलला नव्हतात,” म्हातारा शांतपणे म्हणाला, आणि खाली बसला. बाकीचे वाट बघत राहिले.

भट्ट्या ऑगस्टमध्ये विझल्या. पुढचा कारखाना लिमोजजवळचा होता, चिनी मातीच्या भांड्यांचा.