जप्तीतलं औषध

फौजदारबाईंच्या धाकट्या भावाला सगळे बारक्या म्हणत. दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढा तो उंच होता, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तो लिफ्टचा मेकॅनिक होता. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं, की वरच्या मजल्यावरून बारक्याचा आवाज यायचा, "घाबरू नका, मी आलोय! आता तुम्ही पडायचं म्हणालात तरी पडू देणार नाही!" मग अडकलेली माणसंसुद्धा हसायची.

अशा माणसाला दारूने धरलं. नेमकं कधी धरलं, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. कुणी वारलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. आधी कामानंतर, मग कामाआधी, आणि मग काम असो नसो. बायको कंटाळून मुलीला घेऊन माहेरी गेली तेव्हा बाई त्याला आपल्या घरी घेऊन आल्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात दोन खोल्या, एक मांजर आणि आता हा.

एक दिवस बारक्या पिऊन कामावर गेला. एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टचा ब्रेक खोलून बसवला आणि निघाला. बसस्टॉपवर उभा असताना तो मनातल्या मनात एकेक नट मोजू लागला. एक नट आवळल्याचं काही केल्या आठवेना. तो धावत परत गेला, मेन स्विच बंद केला आणि लिफ्टच्या दारासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. ऑफिस सुटायची वेळ. तोंडाला वास येतोय म्हणून लोकांनी त्याला काय वाट्टेल ते बोलून घेतलं. "शिव्या द्या, पण जिन्याने उतरा," एवढंच तो म्हणत राहिला. सुपरवायझर आला तेव्हा बारक्याने त्याला सांगितलं, "मी पिऊन काम केलंय. माझ्या हातची सगळी कामं पुन्हा तपासून घ्या. आणि मला यापुढे लिफ्टला हात लावू देऊ नका."

नट खरोखरच सैल निघाला. नोकरी गेली.

हे ऐकून बाईंना आधी लाज वाटली. मग भांडी विसळता विसळता त्यांचे हात थांबले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कितीतरी कबुलीजबाब घेतले होते. कुणी न विचारता दिलेला हा पहिलाच होता.

त्यानंतर व्यसनमुक्ती केंद्र झालं, गोळ्या झाल्या, गोल करून बसायच्या बैठका झाल्या. काही काळ बरं जायचं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एका रविवारी सकाळी चहा ओतताना बारक्या म्हणाला, "ताई, एका हॉस्पिटलात नवीन उपचार करून बघतायत. अळंबीतून काढलेलं औषध देतात. भास होणारं. त्याने दारू सुटते का ते बघायचं."

बाईंचा कप हातातच राहिला. त्यांची नेमणूक अमली पदार्थ विभागात होती.

"बारक्या, त्याच अळंब्या जवळ सापडल्या म्हणून परवाच मी दोघांना आत टाकलंय."

"माहितेय. म्हणून तर आधी तुला सांगतोय," तो म्हणाला. "घरात पोलीस असले की नशासुद्धा परवानगी काढून करावी लागते."

बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्या हॉस्पिटलात गेल्या त्या उलटतपासणी घ्यायच्या तयारीनेच. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या होत्या. हे काम सुरू करायला मिळावं म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं सरकारी उंबरे झिजवले होते. औषध दोन किल्ल्यांच्या तिजोरीत होतं, आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे.

"एक नशा सोडवायला दुसरी नशा?" बाईंनी खडसावून विचारलं.

"प्रश्न बरोबर आहे. मलाही आधी हेच वाटायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे रोज घ्यायचं औषध नाही. एकदा, फार तर दोनदा. त्याआधी खूप बोलायचं आणि त्यानंतर त्याहून जास्त बोलायचं. काहींना फायदा होतो, काहींना काडीचा होत नाही. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला मोठा मानसिक आजार झालाय, त्यांना मी दारातूनच परत पाठवते. मी चमत्कार विकत नाही हो. मी शोधतेय."

खोटं बोलणारी माणसं बाईंनी पोत्याने पाहिली होती. ही त्यातली नव्हती. "माहीत नाही" हे शब्द डॉक्टरीणबाईंच्या तोंडून इतके सहज येत होते, की बाईंच्या मनात त्यांच्याबद्दल एकदम आदर दाटून आला.

उपचाराच्या दिवशी बारक्याने हट्ट धरला, ताई खोलीत हवी. डॉक्टरीणबाईंनी अट घातली: युनिफॉर्म नको आणि तोंडातून अक्षर नको. बाई साधा ड्रेस घालून भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या. खोलीत एक पलंग, पातळ पडदे आणि हळू आवाजातलं संगीत. बारक्याने गोळी गिळली आणि डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली. पलंगाच्या एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला एक धिप्पाड नर्स.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याचा श्वास वाढला. त्याने पलंगाची कड घट्ट धरली. "पडतोय," तो ओरडला, "मी पडतोय, धरा!" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला, बसा. मग बारक्याच्या मनगटावर तोच हात ठेवून म्हणाल्या, "मी इथेच आहे. जे येतंय ते येऊ द्या."

लोकांना धरायला शिकलेल्या बाईंना हात मांडीवर ठेवून बसणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं. तो रडला, इतकं की उशी भिजली. त्याने मुलीला हाक मारली. मध्येच तो हसायला लागला आणि हसतच राहिला, पोट धरून, लहानपणी हसायचा तसा. एवढ्या वेळात डॉक्टरीणबाईंनी ना घड्याळ पाहिलं, ना पाण्याचा घोट घेतला.

दुपार उतरल्यावर पट्टी सुटली. त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"काय झालं रे?" बाईंनी घरी आल्यावर विचारलं.

"लिफ्टच्या बोगद्यात पडत होतो. खाली, खाली, नुसतं खाली. जाम टरकली होती. मग लक्षात आलं, याला तळच नाहीये. तळ नाही तर आपटणार कशावर? सोडले हात." त्याने मांजराला मांडीवर घेतलं. "मग सगळी दिसली. तू, बायको, पोरगी. कुणीच रागावलेलं नव्हतं ताई. राग सगळा माझाच होता, माझ्यावर."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण तसं होत नाही. पुढे एकदा पोरीला भेटायला म्हणून गेलेल्या बारक्याला सासुरवाडीच्या लोकांनी दारातूनच परत पाठवलं आणि तो वाटेत प्यायला. मात्र या वेळी त्याने स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "प्यालोय. येऊ का?" "आत्ता या," त्या म्हणाल्या. त्यांनी ना उपदेश केला ना उसासा टाकला. पुन्हा बोलणं सुरू झालं. दर बैठकीला तो चालत जायचा आणि चालत यायचा. औषधाने दार किलकिलं केलं असेल, पण त्यातून रोज बाहेर पडायची मेहनत त्याची होती, आणि बाई ती रोज बघत होत्या. हळूहळू महिने गेले. बायको मुलीला घेऊन आधी बागेत भेटायला लागली, मग घरी.

याच सुमारास शहरात नवा वाद पेटला. स्वतःपुरता थोडासा अमली पदार्थ जवळ सापडला तर तुरुंगात न टाकता उपचाराला पाठवावं, असा प्रस्ताव सरकारपुढे आला. कुणी म्हणे पोरं बिघडतील, कुणी म्हणे तुरुंगात जाऊन कोण सुधारलंय? त्यासाठी नेमलेल्या समितीने सगळ्यांची मतं ऐकायचं ठरवलं. मोठ्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "आपल्या बाजूने तुम्ही बोला. ठाम विरोध. तुमच्याइतका अनुभव कुणाला नाही."

बाईंनी घरी येऊन बारक्याला विचारलं, "तुझं नाव काढू की नको?"

"जे पाहिलंस ते सांग," तो म्हणाला. "अर्धं सांगू नकोस. मी येतो. कुणाला खोटं वाटलं तर उभा राहीन."

सभागृह खच्चून भरलं होतं. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. आधी त्यांनी एका कॉलेजातल्या पोराबद्दल सांगितलं. पार्टीत कुणीतरी दिलेल्या अळंब्या खाऊन तो गच्चीवरून पडला होता. त्याच्या आईला निरोप द्यायला बाईच गेल्या होत्या. "हे औषध आहे असं ऐकून कुणी घरी प्रयोग करू नका," त्या म्हणाल्या. "त्या पोराजवळ बसायला कुणीच नव्हतं."

मोठे साहेब समाधानाने मान हलवत होते.

"आता दुसरं सांगते. माझ्या सख्ख्या भावाला जिने बुडवलं, तिचं दुकान आमच्या ठाण्यासमोरच आहे, पाटी लावून. आणि त्याला वर यायला जिने हात दिला, ती वस्तू मी जप्त करते. दोन्ही माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या रांगेत बारक्या उभा राहिला. एवढा उंच माणूस उभा राहिल्यावर लोकांना वळून बघावंच लागलं. लाजेने त्याचे कान लाल झाले होते, पण तो बसला नाही.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय? कायदा बदलावा की नाही?"

"विकणाऱ्याला धरायला मला कायदा हवाय, आणि कडक हवाय. पण आजारी माणूस हाती लागला की मी त्याला कोठडीत टाकते, कारण दुसरीकडे न्यायची सोयच नाही. ती सोय मला द्या. एवढंच."

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. काहींनी नाकं मुरडली. त्या गच्चीवरून पडलेल्या पोराची आई मात्र पहिल्या रांगेतून उठून बाईंजवळ आली. ती प्रस्तावाच्या विरोधातच होती आणि विरोधातच राहिली. पण तिने बाईंचा हात धरला आणि म्हणाली, "त्याच्याजवळ कुणी नव्हतं, हे तुम्ही बोललात. आजवर कुणी बोललं नव्हतं."

मोठे साहेब बाईंची वाट न बघता गाडीत बसून निघून गेले.

प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर झाला नाही. विक्री गुन्हा राहिली. शहराच्या एका भागात प्रयोग म्हणून एवढंच ठरलं, की स्वतःपुरतं बाळगणारा पहिल्यांदा सापडला तर त्याला कोठडीऐवजी दवाखान्यात न्यायचं. मोठ्या साहेबांनी बाईंना पुन्हा बोलावलं.

"फार बोललात ना? आता करून दाखवा. तो भाग तुमच्याकडे."

ही शिक्षा होती की विश्वास, हे बाईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

नव्या नियमाने त्यांनी नेलेला पहिला माणूस दवाखान्याच्या मागच्या दाराने पळून गेला. ठाण्यात दिवसभर हशा पिकला. दुसरी होती एक शिवणकाम करणारी बाई. झोप यावी म्हणून घेतलेल्या गोळ्यांची तिला सवय जडली होती, आणि आता ती त्या चोरून मिळवायची. गाडीत ती हातातली पिशवी घट्ट आवळत होती, ठाण्याच्या रस्त्याऐवजी गाडी दुसरीकडे वळली तेव्हा तर जास्तच.

दवाखान्याच्या बाकावर बारक्या बसलेला होता. इथे येणाऱ्यांना आता डॉक्टरीणबाईच बघत होत्या, आणि त्यांनी त्याला आठवड्यातून काही दुपारी यायला सांगितलं होतं, नवीन येणाऱ्यांच्या सोबतीला. त्याने सरकून त्या बाईला जागा करून दिली. तिने विचारलं, "इथे काय करतात माणसाचं?"

"आधी चहा देतात," बारक्या म्हणाला. "बेकार असतो. पण मी सांगतो, पिऊन टाका. पुढचं सगळं त्याच्यापेक्षा बरं आहे."

ती खुदकन हसली आणि हसता हसताच रडायला लागली. बारक्याने तिला गप्प केलं नाही. तो नुसता शेजारी बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, जायची कसलीच घाई नसल्यासारखा. दारात उभ्या असलेल्या फौजदारबाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत धरली. भावाकडे बघताना त्यांना ठाण्यात परत जायचंय हे बराच वेळ आठवलंच नाही.