भिंगरीचा पहिला ग

दादा स्वतः दुकानात येऊन म्हणाला होता, "विद्यारंभाला भिंगरीचा हात तूच धर. तूच गिरवून घे तिच्याकडून." मी तेव्हा एका पँटची चेन उसवत होते. मान वर न करताच "बघू" म्हणाले. मान वर केली असती तर डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं, आणि मग दादाने तासभर समजूत घातली असती.

भिंगरी ही दादाची चार वर्षांची मुलगी. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नाही, म्हणून हे नाव मी ठेवलं. वहिनी नोकरीला लागल्यापासून रोज दुपारी ती माझ्याकडे असायची. माझं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि खुंट्यांवर लोकांचे कपडे. नवं शिवायला कोणी येत नाही. सैल करा, आवळा, आखूड करा, एवढंच. लोक स्वतः सुटतात आणि दोष कापडाला देतात. संध्याकाळी शटर ओढून मी वरच्या खोलीत जाते, तिथे मी आणि माझा रेडिओ. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं. भिंगरी यायला लागली आणि मला बोलायची सवय लागली. एकट्या माणसाला ही सवय लागू नये.

ती टेबलापलीकडे उंच स्टुलावर बसायची, मी अलीकडे. खडूने कापडावर खुणा करता करता एकदा मी एका चिंधीवर "ग" काढला. तिने खडू ओढून घेतला आणि जीभ बाहेर काढून शेजारी आपला ग काढला. त्याचं पार गाठोडं झालं होतं. मग रोज तोच उद्योग. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि आम्ही दोघी चिंध्यांवर वाकलेल्या. एके दिवशी तिचा ग मला असा लख्ख वाचता आला की मी मशीन थांबवून तिचा मुका घेतला.

रविवारी पूजा आणि सोमवारपासून शाळा. शाळा सुटली की तिथलंच पाळणाघर, म्हणजे माझ्या दुपारी संपल्या. त्यावर माझं काही भांडण नव्हतं. पोर काय जन्मभर माझ्या टेबलाशी बसणार होती? मला फक्त एकदाच, सगळ्यांच्या देखत, तिचा हात हातात हवा होता. ही हिच्याकडे शिकली, असं कोणी म्हटलं नसतं तरी चाललं असतं. नुसतं दिसायला हवं होतं.

त्यासाठी मी स्वतःला नवा कुर्ता शिवला. बाही मुद्दाम आखूड ठेवली, तांदळात लोळायला नको म्हणून.

रविवारी पोचले तर पाटाशेजारी वहिनीचे मामा बसलेले. निवृत्त हेडमास्तर, स्वभावाने अगदी गरीब. लांबून आले होते, न कळवता. दादाने मला स्वयंपाकघरात नेलं.

"अगं, मामा आलेत. त्यांना सोडून कसं… तू समजून घेशील ना? तू काय, घरचीच आहेस."

घरची माणसं म्हणजे ज्यांचा मान कितीही दिवस मागे ठेवला तरी नासत नाही.

"घेईन की, मी कुठे काय म्हणतेय," मी म्हणाले.

"मग फोटो तू काढ. तुझा हात हलत नाही." त्याने त्याचा फोन माझ्या हातात दिला. आखूड बाहीचा असा उपयोग झाला.

गुरुजींनी सरस्वतीची पूजा सांगितली. ताटात तांदूळ पसरले. मामांनी भिंगरीला मांडीवर घेतलं आणि मी ताटाच्या समोरच्या बाजूला फोन धरून बसले. मामा चष्मा पुसायला लागले तेवढ्यात भिंगरीने बोट तांदळात घातलं, जीभ बाहेर काढली आणि कोणाची वाट न बघता ग काढला.

माझ्या समोर तो स्वच्छ, सुलटा ग होता. दुकानात असायचा तसाच.

मामांनी चष्मा लावला आणि हसले. "अरे वा! पण हा तर उलटा आहे. डोकं खाली, पाय वर."

सगळे हसले आणि मला दुकानातलं टेबल आठवलं. ती नेहमी टेबलापलीकडे बसायची. मी काढलेला ग तिला तिकडून उलटाच दिसायचा, आणि ती जसा दिसेल तसा काढायची. मला इकडून तो कायम बरोबर वाटला. एकदाही मी उठून तिच्या बाजूला गेले नव्हते.

"कोणी गं शिकवलं तुला?" वहिनीने विचारलं. आवाजात राग नव्हता, नवल होतं. विद्यारंभाआधी अक्षर शिकवू नये, असं तिच्या माहेरी मानतात. म्हणून मीच भिंगरीला बजावलं होतं, हे आपल्या दोघींतच, आईला सांगायचं नाही.

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. सांग, मी मनात म्हणत होते. उलटा तर उलटा, पण माझं नाव सांग.

"कुणीच नाही," ती म्हणाली. आणि वचन पाळल्याच्या आनंदात माझ्याकडे बघून अशी हसली, की मला मान हलवून शाबासकी द्यावी लागली.

"मी" एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. ते न म्हणता मी फोन डोळ्यांसमोर धरला. घर माणसांनी भरलं होतं, तरी वरच्या खोलीत कधी वाटलं नाही इतकं एकटं मला तिथे वाटलं.

मामांनी तळहाताने तांदूळ सारखे केले. तिचं बोट धरून सावकाश "श्री" गिरवला. टाळ्या झाल्या.

"आला का नीट?" दादाने विचारलं.

"आला," मी म्हणाले.

"श्री"चा फोटो खरोखरच छान आला. "ग"चा काढायचा राहिला.