सदतिसावं नाव

"मिस्त्री, मी छत्तीस नावं दिली होती. हे कुणाचं?" कप्तानानं बुटाचं टोक शिळेच्या तळाशी टेकवलं.

गावात दगड कोरणारा मिस्त्री एकटाच. त्याला आपल्याच अकलेची कीव आली. हात टेकला की खालच्या खडूच्या खुणा पुसतात, म्हणून जन्मभर तो खालून वर कोरत आला होता. जे नाव शेवटपर्यंत झाकून ठेवायचं, तेच या सवयीपायी सगळ्यांत आधी उमटलं होतं.

ते त्याच्या जावयाचं होतं. पुलावरच्या लढाईत छत्तीस जण पडल्यावर कप्तानानं त्याला पुढे काढलं, उरलेल्यांना गुपचूप मागे बोलावलं, आणि त्याला तेवढं कळू दिलं नाही. संगिनींनी पोट फाडलेलं ते प्रेत मिस्त्रीनंच ओढून आणलं होतं. पळताना मेला, अशी आवई कप्तानानं उठवली आणि महिना उलटायच्या आत मिस्त्रीच्या विधवा लेकीला मागणी घातली. निर्लज्जपणालाही काही हद्द असते!

ज्यूंच्या इब्री धर्मग्रंथातली राजाच्या शूरांची यादी लोक कंटाळून ओलांडतात. मिस्त्रीनं ती नाव न् नाव वाचली होती.

"त्या यादीत शेवटचं नाव कुणाचं आहे, साहेब?" तो म्हणाला. "ज्याची बायको राजाला हवी होती, त्याचं. राजानंच त्याला पुढे घालून मारवलं. यादी लिहिणारा तिथे राजाला एका शब्दानं बोलला नाही. नाव तेवढं ठेवलं."

"फोडून टाक ते."

"माझ्या हातून नाही व्हायचं."

दोघा शिपायांनी त्याचा उजवा हात शिळेवर दाबून धरला. कप्तानानं त्याचीच हातोडी उचलून एकेक बोट ठेचलं. मिस्त्री गुरासारखा ओरडला, पण हो म्हणाला नाही. शेवटी कप्तानानं स्वतःच छिन्नी मारून नाव उडवलं. तिथे रक्तानं भरलेला वेडावाकडा खड्डा राहिला.

वरची नावं परगावच्या कारागिरानं कोरली. शिळा उभी राहिली त्या सकाळी मेलेल्यांच्या आया, बायका जमल्या. पुलावरून जिवंत परतलेला एक म्हातारा शिपाई नावं वाचत गेला. प्रत्येक नावाला गर्दी मान लववत होती. छत्तीस झाली आणि खड्ड्यापाशी तो अडला.

बापाचा फडक्यात गुंडाळलेला हात धरून लेक मागे उभी होती. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कप्तानानं वळून पाहिलं. म्हाताऱ्या शिपायानं ते नाव पुन्हा मोठ्यानं म्हटलं, आणि गर्दीनं मान लववली.