कळ आली तर सांगा

मी सिमेंटचा गोळा बोलतोय. घरं बांधतात त्याचा नव्हे, हाडांत भरतात त्याचा. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, शब्दही साधेच आहेत. पूड आणि उग्र वासाचं पाणी कालवलं की मी जन्मतो आणि थोड्याच मिनिटांत दगड होतो. एवढ्यात शिकणार काय?

माझं घर नोलाच्या पाठीत आहे. नोला अठ्ठ्याहत्तरची. गिप्सलँड नावाच्या दूधदुभत्याच्या मुलखात, एका हिरव्या टेकडीवर तिनं जन्मभर दुधाच्या गायी पाळल्या. हाडं ठिसूळ झाली होती; वासरांची बादली उचलताना मणका खचला. तेव्हा तिचा मुलगा डॅरल म्हणाला, "पाठ सुधारली तर गायी राहतील, आई. नाहीतर विकायच्या. कबूल?"

"कबूल," नोला म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिला पालथं झोपवलं. पाठ बधिर, पण ती जागी. मला सुईतून आत ढकलू लागले. मी कुठे जातोय ते डॉक्टर क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत होते.

"पायात कळ आली तर लगेच सांगा हं. मी थांबेन, मग पुन्हा कधीतरी बघू."

पुन्हा कधीतरी! म्हणजे गायी गेल्याच, असं नोलाच्या मनात आलं असणार; मला तेव्हा गायींचं काहीच ठाऊक नव्हतं.

मणक्याची मागची भिंत चिरलेली होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी टूथपेस्टसारखा मऊ, फट दिसेल तिकडे गेलो आणि थेट पायाकडे जाणाऱ्या नसेला टेकलो. घट्ट होताना मी तापतो. नोलाची बोटं उशीत रुतली.

"काही होतंय का?"

"छे! गायींच्या लाथा खाल्लेली बाई आहे मी. चालू द्या तुमचं."

"हिला विचारून काय उपयोग?" तिच्या ओळखीची नर्स हसली. "हिच्या छपराला आग लागली तरी म्हणेल, जरा ऊब आली."

डॉक्टरांनी आणखी थोडं ढकललं. मग त्यांना मी भिंतीबाहेर दिसलो. ते थबकले, पण तोवर मी दगड झालो होतो.

"थेंबभर बाहेर गेलंय. खरंच काही झालं नाही ना?"

"नाही हो."

मला फार लागलं ते. मला अडवायला तिचा एक शब्द पुरला असता. तिनं तो गिळला आणि मला कायमचं नको त्या जागी बसवलं. दगा दिला बाईनं, असंच मला वाटलं.

संध्याकाळी डॅरल तिला घरी घेऊन आला. गाडी फाटकातून वळली. टेकडीवर एकही गाय नव्हती.

"ट्रक सकाळीच येऊन गेले," डॅरल समोर बघत म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं, आई."

"ठरवलंस कधी?"

गाडी थांबवत तो म्हणाला, "तुझा मणका गेला ना, त्याच आठवड्यात."

"म्हणजे कबूल करून घेतलंस, तेव्हा विकलेल्याच होत्या?"

"तू उगाच त्रास करून घेतला असतास गं."

"बरं," नोला म्हणाली. "चहा टाक."

तिनं कळ कशासाठी सोसली, ते मला तेव्हा उमगलं. माझा राग विरघळला. पण मी आता कुठला विरघळतोय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी उठली, गमबूट चढवले आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. डावा पाय पेटला होता.

"पाय ओढतेस का गं?" डॅरलनं दारातून विचारलं.

"बूट घट्ट आहे."

मी माझं काम केलं. तिची पाठ वाकू दिली नाही, आणि नसेवरून तसूभर हटलोही नाही.